जुन्या सिएनाचे मागचे तीन स्पार्क प्लग घरी बदलता येतील का?

दूरदेशी | न्यू जर्सी | मंगळवार, रात्री

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २००८ची टोयोटा सिएना आहे, ३.५ लिटरची व्ही-६, म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा. मीटरवर १,३८,००० मैल झालेत. गेल्या आठवड्यापासून सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते आणि चढाला ॲक्सिलरेटर दाबला की झटके मारते. काल चेक इंजिनचा दिवा लागला. शेजाऱ्यांच्या कोड रीडरवर पी०३०३ आलं, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, मधूनमधून पेटतच नाही.

गॅरेजात दाखवली. सहा प्लग आणि एक कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देते ती), मजुरीसकट साडेसातशे डॉलर सांगितले. मागचे प्लग काढायला वेळ लागतो हे मलाही दिसतंय, त्यामुळे त्यांच्या दराबद्दल माझी तक्रार नाही. पण २०१९मध्ये, १,१२,००० मैलांना, मी दुसऱ्या एका गॅरेजात सहाही प्लग बदलून घेतले होते. बिल जपून ठेवलंय. कंपनीच्या वेळापत्रकात या इंजिनाचे इरिडियम प्लग १,२०,००० मैलांना बदलायला सांगितलेत. मग २६,००० मैलांत गाडी मिसिंग का करावी?

आज बोनेट उघडून बराच वेळ बघत बसलो. पुढचे तीन प्लग समोरच आहेत, तासाभराचं काम. मागचे तीन मात्र दिसतच नाहीत. वर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकचं धूड, मागे काचेखालची पत्र्याची भिंत, मधल्या फटीत माझा तळहात मनगटापर्यंत जातो आणि तिथेच अडतो.

लहानपणी सांगलीला वडील दिवाळीच्या आधी स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, मी टॉर्च धरायचो. एवढाच माझा अनुभव. सॉकेट सेट आहे, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच घट्ट करता येतं तो पाना) आणू शकतो, शनिवार-रविवार मोकळे आहेत. माझी सतरा वर्षांची मुलगी याच गाडीवर चालवायला शिकतेय, तिलाही हात लावायचा आहे. हे काम घरी होईल का? कुणी केलंय का?


अवजारपेटी | टेक्सास | मंगळवार, रात्री

होईल. माझी २००७ची, हेच इंजिन. मी दोन वर्षांपूर्वी ड्राइव्हवेत केलं. पहिल्या खेपेला सहा तास लागले, आता सांगितलं तर चारात करीन.

आधी एक विचारतो. दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. तो बदलायचा खर्च या सगळ्या कामाच्या दुप्पट-तिप्पट होईल.

या इंजिनात १, ३, ५ हे सिलिंडर मागच्या रांगेत, काचेकडे, आणि २, ४, ६ पुढच्या रांगेत, रेडिएटरकडे. तुमचा तीन नंबर म्हणजे मागच्या रांगेतला मधला. तेव्हा मागे जावंच लागणार.


दूरदेशी | न्यू जर्सी | मंगळवार, रात्री

चढावर दोनदा लुकलुकला होता. मग आता शनिवारपर्यंत गाडी जागची हलवत नाही. बायको तिच्या मैत्रिणीबरोबर ऑफिसला जाईल, मी ट्रेनने.


मोगरा | मिशिगन | बुधवार, पहाटे

आमची २००६ची क्रायस्लर टाउन अँड कंट्री, ३.८ लिटर. तिच्यात इनटेक काढावा लागत नाही, पण मागचे प्लग बघायलाच मिळत नाहीत. सगळं चाचपडत करायचं. मी पुढची दोन चाकं उचलून, स्टँड लावून, खालून हात घालून केले. तिला प्रत्येक प्लगला वेगळी कॉईल नाही. एकच कॉईल पॅक आणि त्यातून सहा वायरी. वायरीची टोपी प्लगला इतकी चिकटलेली असते की ओढली तर वायर तुटून हातात येते. आधी टोपी जागच्या जागी अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवायची, चिकटपणा सुटला की मग ओढायची. तुमच्या कॉईलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी नळ्यांनाही हेच लागू.

मिनीव्हॅनमध्येच हा त्रास का, हे मला नवऱ्याला समजावावं लागलं होतं. आत माणसं जास्त बसवायची, जमीन सपाट ठेवायची, म्हणून इंजिन आडवं ठेवलेलं. व्ही-६ आडवं ठेवलं की एक रांग पुढे आणि दुसरी आपोआप भिंतीला टेकते. वर नाक आखूड आणि काच पुढे झुकलेली. जी जागा आपल्याला मधल्या सीटवर मिळते ती इथूनच काढून घेतलेली असते.


चाकणचा | पुणे | बुधवार, सकाळी

दूरदेशी, तुमची शंका रास्त आहे. चांगला इरिडियम प्लग २६,००० मैलांत, म्हणजे सुमारे ४२,००० किलोमीटरमध्ये जात नाही. शक्यता तीन. कॉईल गेली असेल. प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो बसतो त्या खोल भोकात, तेल उतरलं असेल. किंवा प्लग नकली असतील. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांत हा प्रकार खूप चालतो, वर इरिडियमचं नाव आणि आत साधं टोक. म्हणून प्लग भरवशाच्या दुकानातूनच घ्या. तुमच्या इंजिनाला डेन्सोचा एफके२०एचआर११ लागतो. शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटरचा गॅप, ठिणगी उडते ती दोन टोकांमधली फट.

गॅप कारखान्यातच लावून येतो. तपासायचा तर तारेच्या गेजने, हलक्या हाताने. नाण्यासारखं गोल गेज मधल्या टोकावर रेटून गॅप वाढवायची जुनी सवय इथे चालणार नाही. इरिडियम २,४४६ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ला. इतका चिवट धातू म्हणूनच टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, पण तो ठिसूळ आहे. बाजूने रेटा बसला की टवका उडतो.

कॉईलचं असं करा. नवी आत्ताच घेऊ नका. मागची रांग उघडाल तेव्हा तीन नंबरची कॉईल काढून पुढे दोन नंबरला लावा आणि दोनची मागे तीनला. नंतर कोड पी०३०२ झाला तर कॉईल दोषी, आणि ती आता पुढे आहे, दहा मिनिटांत बदलता येईल. कोड आलाच नाही तर कॉईलचे पैसे वाचले.


कृष्णाकाठ | मिरज | बुधवार, दुपारी

सांगलीचं नाव वाचलं म्हणून लिहितोय. माझं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. तुमची गाडी मी कधी उघडलेली नाही. पण अडचणीतले प्लग खूप काढलेत. मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी नाव पडलं, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. १९८४ला आली, २०१९ला बंद झाली, आमच्या भागात अजून शेकड्यांनी फिरतात. सीट उचलली की तीन प्लग समोर, पण वरून वाकून काम करायचं आणि चालवून आणलेली गाडी असली की खालून वाफ तोंडावर. गिऱ्हाईक घाईत असतं, "काका, लगेच द्या" म्हणतं. तरी मी गरम इंजिनातून प्लग काढत नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना आटे मऊ, प्लगबरोबर आटेही येतात. तुमचंही हेड ॲल्युमिनियमचंच. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी हात लावा.

दुसरं. प्लग ढिला करण्याआधी विहिरीत हवा मारा. काचेच्या बाजूला पानं, माती, किडे पडतात. प्लग काढला की ते सगळं थेट सिलिंडरमध्ये जातं. कॉम्प्रेसर नसेल तर कीबोर्ड साफ करायचा हवेचा डबा मिळतो ना तिकडे, तो चालेल. डोळ्यांना चष्मा लावा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं. नवा प्लग रॅचेटने सुरू करायचा नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या चिनीमातीच्या टोकावर घट्ट बसेल असा. त्याने प्लग विहिरीत सोडा आणि दोन बोटांनी पाइप फिरवा. आटे सरळ लागले तर प्लग मऊ जातो. तिरके लागले तर पाइप प्लगवरून घसरतो, पुढे जातच नाही. रॅचेटला हे कळत नाही, तो तिरका प्लगही आत रेटतो. आधी उलटा फिरवा, 'टक्' असा बारीक आवाज येईल, आटा आट्यात पडतो त्याचा. मग सुलटा. पाच-सहा फेरे बोटांनी गेले की मगच सॉकेट.

मुलीला हे काम द्या. बारीक बोटांना चांगलं कळतं.


दूरदेशी | न्यू जर्सी | बुधवार, रात्री

काका, किती नेमकं सांगितलंत. पाइप आणला. मुलीला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं.

अवजारपेटी, तुम्ही इनटेक काढला होता की वरूनच हात घालून केलं?


अवजारपेटी | टेक्सास | बुधवार, रात्री

काढला. काही जण न काढता करतात, पण मग एकेका प्लगसाठी एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंटच्या तीन-तीन जोडण्या लागतात आणि सॉकेट सरळ बसलंय की नाही ते कळत नाही. तिरकं सॉकेट म्हणजे चिनीमातीला तडा. तो तडा डोळ्यांना दिसत नाही, आठवड्याने गाडी परत मिसिंग करते. पहिल्यांदा करणाऱ्याने अडथळे बाजूला करूनच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. वायपरचे हात काढण्यापूर्वी काचेवर ते जिथे टेकतात तिथे चिकटपट्टी लावून खूण करा, नाहीतर परत लावताना ते काचेबाहेर जातात. मग काचेखालची प्लॅस्टिकची जाळी, वायपरची मोटर आणि दांड्या, त्याखालचा पत्रा. एवढं निघालं की मागे खांद्यापर्यंत जागा मिळते आणि कामाचं रूपच बदलतं.

मग हवेचा पाइप. त्याच्या टोकाच्या थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) दोन बारीक नळ्या आहेत. त्या काढाल तर पेलाभर कूलंट सांडेल. ते गोड लागतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं, म्हणून लगेच पुसून घ्या. व्हॅक्यूमच्या प्रत्येक नळीला आणि तिच्या जागेला एकाच आकड्याची चिकटपट्टी. फोटो काढाच, पण फोटोत खोली कळत नाही, चिकटपट्टी कळते. इनटेकला मागून टेकू दिलेले ब्रॅकेट आहेत. वरचे सगळे बोल्ट काढूनही इनटेक हलला नाही तर ओढू नका, ब्रॅकेटचा बोल्ट राहिलाय असं समजा. मी तिथे पाऊण तास घालवला.

इनटेक उचलल्यावर खाली भोकं उघडी पडतात. त्यांत पडलेला नट थेट व्हॉल्व्हवर जातो. त्याच क्षणी स्वच्छ कापडाचे बोळे घाला, किती घातले ते मोजा आणि कागदावर लिहा. इनटेकची गॅस्केट नवी आणा, जुनी परत लावू नका.


बर्फाळ | ओंटारिओ | गुरुवार, सकाळी

इकडे रस्त्यावर मीठ पडतं, न्यू जर्सीतही पडतं. दोन गोष्टी सांगते.

कॉईलच्या कनेक्टरची प्लॅस्टिकची क्लिप पंधरा वर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारखी होते. अंगठ्याने दाबली की तुटते. आधी कनेक्टर थोडा आत ढकला, मग क्लिप दाबा, मग बाहेर ओढा. आत ढकलल्याने खाचेवरचा ताण सुटतो.

दुसरं, प्लग कडक असेल तर एका दमात काढू नका. पाव फेरा सोडवा, थांबा, किंचित परत घट्ट करा, पुन्हा सोडवा. करकर आवाज आला तर गंज सोडवायचं तेल दोन थेंब टाका आणि चहा प्यायला जा. मी माझ्या गाडीचा एक प्लग पाऊण तास असा हलवत होते. आटे शाबूत निघाले.


मोगरा | मिशिगन | गुरुवार, दुपारी

नवीन प्लगच्या आट्यांना अँटीसीझची, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणूनची, पेस्ट लावायची का? इकडे शेजारी म्हणतात लावाच.


चाकणचा | पुणे | गुरुवार, रात्री

लावू नका. एनजीके आणि डेन्सो दोघेही आपल्या मुलामा दिलेल्या प्लगना ती लावू नका असंच सांगतात. पेस्टने आटे निसरडे होतात, रेंच तोच आकडा दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताणला जातो. प्लगची मान तुटते किंवा हेडचे आटे जातात.

टॉर्कबद्दल, म्हणजे किती जोराने घट्ट करायचं त्याबद्दल. १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगसाठी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये एनजीके साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर सांगते. पण काही इंजिनांना कार कंपनीच त्याहून कमी आकडा देते, त्यामुळे तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलचा आकडाच खरा. रेंच नसेल तर नवा वॉशर बोटांनी टेकेपर्यंत आणि त्यापुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर चपटा होताना हाताला आधी मऊ लागतं, मग एकदम दगड लागतो. दगड लागला की थांबायचं.

कॉईलच्या रबरी नळीच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात मात्र द्या. पुढच्या वेळी काढताना तुम्हालाच बरं पडेल.


दूरदेशी | न्यू जर्सी | शनिवार, दुपारी

सकाळी सातला सुरुवात केली. आता दीड वाजलाय, जेवायला आत आलोय.

वायपर, जाळी, मोटर, पत्रा, सगळं निघालं. पत्र्याखाली पिंपळाच्या पानांएवढी मोठी मेपलची पानं, काळी पडलेली, पाण्याच्या वाटेत अडकलेली. दोन मोठ्या पिशव्या भरल्या. ओल्या मातीचा वास अजून हातांना आहे. इनटेक हलत नव्हता. अवजारपेटींचं वाक्य आठवलं, आरसा आणि टॉर्च घेऊन मागे शोधलं, ब्रॅकेटचा एक बोल्ट राहिला होता. तो निघाल्यावर इनटेक अलगद वर आला. भोकांत बोळे घातले, सहा. मुलीने गॅरेजच्या दारावर खडूने '६ बोळे' लिहिलंय.

आता मागच्या तीन कॉईल समोर आहेत. पण एक गोष्ट विचित्र वाटते. तिन्ही कॉईलच्या बोल्टच्या डोक्यांवर आणि सभोवताली एकसारखा धुळीचा थर आहे, कुठेही पान्याची चमक नाही. पुढच्या तीन बोल्टच्या कडा मात्र घासलेल्या दिसतात. इनटेकची गॅस्केटही एकदाच दाबली गेल्यासारखी वाटते. मी उगाच शंका घेतोय का?


कृष्णाकाठ | मिरज | शनिवार, रात्री

प्लग काढा. प्लग सांगतील. क्रमाने ठेवा, एकमेकांत मिसळू नका.


दूरदेशी | न्यू जर्सी | शनिवार, रात्री

सहाही निघाले. अंड्यांच्या पुठ्ठ्यात १ ते ६ आकडे घालून ठेवलेत.

पुढचे २, ४, ६ एका कंपनीचे, टोकं धारदार, रंग बिस्किटासारखा फिका तपकिरी, गॅप १.१च्या आसपास. मागचे १, ३, ५ दुसऱ्या कंपनीचे, डेन्सो, या गाडीला कारखान्यातून येतात तेच. त्यांचं मधलं टोक झिजून बुटकं झालंय, समोरच्या पट्टीला खळगा पडलाय. माझं सगळ्यात जाड गेज दीड मिलिमीटरचं, ते तीन नंबरच्या गॅपमधून न अडता आरपार गेलं. त्याच्या चिनीमातीवर खालपासून वर एक काळी बारीक रेघ आहे, ठिणगी बाहेरून पळाल्याची.

म्हणजे २०१९ला पुढचे तीनच बदलले. मागच्यांना हातही लावला नाही. बिलावर मात्र सहा प्लग आणि इनटेक काढून लावायची मजुरी, दोन्ही आहे.

मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा जास्त राग आलाय. चार वर्षं ही गाडी घेऊन आम्ही डोंगरातून, बर्फातून गेलो. मुलं मागे झोपलेली. सहा प्लग नवे आहेत या भरवशावर मी १,२०,०००चा टप्पा बिनधास्त ओलांडला. मुलीने तीन नंबर हातात घेऊन विचारलं, "हा पहिल्यापासून इथेच होता?" मी हो म्हणालो.


चाकणचा | पुणे | रविवार, सकाळी

आता तुमचं कोडं सुटलं. २६,००० मैलांत प्लग गेले नाहीत, १,३८,००० मैलांत गेले. म्हणजे सांगितलेल्यापेक्षा १८,००० मैल जास्तच चालले. गॅप वाढत गेला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉईल तेवढं द्यायचा प्रयत्न करते, आणि एका टप्प्याला विजेला गॅपमधून जाण्यापेक्षा चिनीमातीवरून बाहेर पळणं सोपं पडतं. ती काळी रेघ तीच. चढाला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून झटके तिथेच जास्त.

त्या रबरी नळीच्या आतही तशी रेघ आहे का बघा. असेल तर नळी बदला, नाहीतर नवा प्लगही त्याच वाटेने वीज घालवेल.


बर्फाळ | ओंटारिओ | रविवार, सकाळी

बिल, दोन्ही रांगांचे प्लग आणि धुळीच्या थराचे फोटो, सगळं एकत्र ठेवा. त्या गॅरेजच्या मालकाला शांतपणे दाखवा. कामगाराने केलं असेल आणि मालकाला माहीतही नसेल. आणि यापुढे कुठेही काम टाकताना आधीच सांगा की जुने प्लग मला परत हवेत. मी प्रत्येक वेळी सांगते. सहा सांगितले की सहा मोजून घेते.


कृष्णाकाठ | मिरज | रविवार, दुपारी

वाचून वाईट वाटलं. माझ्याच धंद्यातल्या माणसाचं हे काम आहे, म्हणून जास्त. माझ्याकडे पोरगा कामाला लागला की पहिला नियम हाच सांगतो, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या डिकीत, नव्याच्या रिकाम्या डब्यात. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. त्याने घरी जाऊन टाकून द्यावा, आपण नाही टाकायचा. जे दिसत नाही तिथलं काम करतो म्हणून तर लोक आपल्याला पैसे देतात.

नवे प्लग बसवले का? पोरीने पाइप फिरवला का?


दूरदेशी | न्यू जर्सी | रविवार, रात्री

फिरवला, काका. १ आणि ५ पहिल्याच खेपेला लागले. ३ला पाइप दोनदा घसरला. ती घाबरली, "माझ्याने बिघडेल" म्हणाली. मी काही बोललो नाही, तुमचं उलटं फिरवायचं तेवढं आठवण करून दिलं. तिने डोळे मिटून उलटा फिरवला, थांबली, म्हणाली, "बाबा, टक्!" आणि मग सहा फेरे बोटांनी गेला. तो आवाज मला ऐकू आला नव्हता, तिला बोटांत कळला.

टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला घट्ट केले. तीन नंबरच्या नळीत चाकणचा म्हणाले तशी पुसट रेघ होती. नळी वेगळी मिळते. काल रात्री दुकान बंद व्हायच्या आधी धावत जाऊन आणली होती, हे मघाशी लिहायचं राहिलं. कॉईल २ आणि ३ची अदलाबदल केली. सहा बोळे मोजून काढले, मुलीने दारावरचा आकडा पुसला. नवी गॅस्केट, इनटेक, ब्रॅकेट, नळ्या, मग उलट्या क्रमाने सगळं. ओंटारिओच्या ताईंची क्लिपची युक्ती सहापैकी पाचांना लागू पडली, एक तुटलीच. ती तूर्त झिप टायने बांधली आहे, नवी मागवलीय.

संध्याकाळी साडेसहाला चावी फिरवली. बॅटरी काढलेली असल्यामुळे दोन मिनिटं आरपीएम वरखाली झाले, मग बसले. डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी हललं नाही.


अवजारपेटी | टेक्सास | रविवार, रात्री

वा! तीन-चार दिवसांनी कूलंटची पातळी बघा, थंड इंजिनावर. आणि पहिल्या पावसात वायपर खुणेवर टेकतात का तेही.


दूरदेशी | न्यू जर्सी | तीन आठवड्यांनंतर

४२० मैल झाले. कोड नाही, दिवा नाही, म्हणजे कॉईल ठीक होती. त्याच चढावरून चार वेळा गेलो. कूलंट पेलाभर घालावं लागलं. सगळा खर्च: सहा प्लग, गॅस्केट, रबरी नळी, टॉर्क रेंच आणि लांब सॉकेट मिळून दोनशेच्या आत.

अंड्यांचा पुठ्ठा आणि बिल घेऊन त्या गॅरेजात गेलो. मालक बदललेत. नव्या मालकांनी प्लग उजेडात धरून बघितले, बराच वेळ काही बोलले नाहीत. जुन्या कामाचे पैसे परत देता येत नाहीत म्हणाले. मी मागितलेही नव्हते. त्यांनी तीन नंबर मागून घेतला, कामगारांना दाखवायला. मी दिला.


ओलीवाट | न्यू जर्सी | तीन आठवड्यांनंतर

हा धागा आज सापडला. आमची २०१०ची सिएना, १,२९,००० मैल, मागचे प्लग कधीच बदललेले नाहीत. एडिसनला राहतो. ते लांब सॉकेट कुठलं घेतलंत? ५/८ इंचाचं ना?


दूरदेशी | न्यू जर्सी | तीन आठवड्यांनंतर

हो, ५/८, म्हणजे १६ मिलिमीटर, आत चुंबक असलेलं. एक्स्टेन्शनच्या सांध्याला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सॉकेट विहिरीतच राहतं. पण विकत घेऊ नका, आम्ही जवळच आहोत, निरोप पाठवा आणि येऊन घेऊन जा. टॉर्क रेंच आणि आरसाही देतो. रबरी पाइपचा तुकडा मात्र मुलीने तिच्या पेटीत ठेवलाय, तो तिच्याकडे मागावा लागेल. शनिवारी करणार असाल तर तीही येईल म्हणते.